फिनलंडच्या जुन्या नोटा : संग्राह्य काय?

नोट कोरी असावी, तिला घडीहि पडलेली नसावी, असा आग्रह जुनें चलन जमविणारे बहुधा धरतात. इतरत्र तो समजण्यासारखा असेल. फिनलंडच्या नोटांच्या बाबतींत मात्र तो आम्हांस अपुरा वाटतो.

निव्वळ सौंदर्याची कसोटी लावली तर या नोटा उण्या नाहींत. हेलसिंकीचें रेल्वे-स्टेशन ज्यानें उभारलें त्या एलिएल सारिनेन या स्थापत्यविशारदानेंच १९०९ व १९२२ च्या नोटांची आखणी केली. १९२२ च्या मोठ्या नोटांवर त्यानें विवस्त्र स्त्रीपुरुषांची रांग उभी केली आहे. १९१७ सालीं झारशाहीच्या सत्तेंतून सुटलेल्या राष्ट्रानें चलनावर राजाचा मुखवटा न घेतां अनामिक माणसें आणावीं, ही कल्पना उदात्त खरी. रचना मात्र जरा ताठर झाली आहे.

परंतु १९१८ कडे पाहावें. त्या वर्षींच्या यादवी युद्धांत हेलसिंकीची मध्यवर्ती बँक 'लाल' क्रांतिकारकांच्या हातीं पडली आणि त्यांनीं १९०९ च्याच नमुन्याच्या नोटा छापविल्या. विजयी सरकारनें पुढें त्या रद्द ठरविल्या. चित्र तेंच, चालती कोणती आणि रद्द कोणती हें ओळखावयाचें तें केवळ क्रमांकावरून! येथें सौंदर्यदृष्टि काय निवाडा करणार?

याहून बोलका पुरावा १९४६ चा. त्या वर्षाच्या आरंभीं ५००, १००० व ५००० मार्कांच्या नोटा कात्रीनें दुभागण्याचा हुकूम झाला. डावा अर्धा निम्म्या किमतीनें कांहीं आठवडे चालला. उजवा अर्धा म्हणजे सरकारला दिलेलें सक्तीचें कर्ज ठरलें, व तें १९४९ सालीं फेडण्यांत आलें. बँकांतील ठेवींस हात लागला नाहीं. कात्री चालली ती घरांत रोकड बाळगणारांवर. (त्याच जानेवारींत हिंदुस्थानांतहि पांचशें रुपये व त्यांवरील नोटा रद्द झाल्या, पण निदान त्या कापाव्या लागल्या नाहींत.) कोरेपणाच्या मापानें असला तुकडा कमअस्सलच ठरावयाचा. वस्तुतः ती कापलेली कड हाच त्यावरील मुख्य मजकूर होय.

१९८६ च्या मालिकेंत आल्टो, सिबेलियस, धावपटु पाव्हो नुर्मी यांचीं चित्रें आलीं, आणि २००२ सालीं युरो आल्यावर मार्क व्यवहारांतून गेला. त्या नोटा देखण्या आहेत. नुर्मीची दहा मार्कांची कोरी नोट खुशाल दुसऱ्यानें घ्यावी. आम्ही पांच हजारांचा अर्धा तुकडा मागूं.