कमरेची चाचणी मराठीत आणताना
(वडपे, ता. भिवंडी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

विषय ऐकायला रुक्ष आहे, पण वडप्यात तो रुक्ष राहत नाही. इथून बाहेर पडलात की मुंबई-नाशिक महामार्ग आणि गोदामांच्या रांगा. दिवसरात्र गाडी लागते, माल उतरतो, माल चढतो. हे सगळं ज्यांच्या कमरेवर चालतं, त्यांची कंबर मोजायची कशी? आणि मोजायची पट्टी दुसऱ्या भाषेतून आणली, तर वाटेत काय बिघडतं? एवढंच आज बोलणार आहे.

उदाहरण म्हणून ‘बॅक परफॉर्मन्स स्केल’ घेऊ. लिव्ह इंगर स्ट्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चाचणी नॉर्वेत तयार केली आणि 2002 मध्ये प्रसिद्ध केली. त्यात पाच हालचाली आहेत. पायमोजा घालायला हात पायाच्या बोटांपर्यंत नेणं, जमिनीवरचा कागद उचलणं, उताणं झोपून सावकाश उठून बसणं, उभ्यानं वाकून बोटं जमिनीकडे नेणं, आणि 5 किलोची पेटी जमिनीवरून टेबलावर, टेबलावरून जमिनीवर, असं मिनिटभर करणं. प्रत्येकीला 0 ते 3 गुण, एकूण 15. गुण जास्त तेवढा त्रास जास्त.

चाचणी चांगली आहे, हे आधी सांगतो. ती नुसतं विचारत नाही, करून दाखवायला लावते. ज्याला फॉर्म वाचता येत नाही त्यालाही ती देता येते. पण इथेच एक गैरसमज होतो. लोक म्हणतात, हालचालीला कुठे भाषा असते? चार सूचना मराठीत लिहिल्या की झालं! माझी हरकत या ‘झालं’ला आहे.

पहिला शब्दच बघा. इंग्रजीतल्या ‘बॅक’ला आपण ‘पाठ’ म्हणून मोकळे होतो. हमालाला विचारा, “पाठ दुखते का?” तो म्हणेल, “नाही.” आता विचारा, “कंबर धरते का? उसण भरते का?” मग तो बोलायला लागेल. आपल्याकडे पाठ वर असते आणि कंबर खाली. शब्द चुकला की रोगीच निसटतो.

दुसरी गोष्ट कागदाची. सूचना ‘कागद उचला’ एवढीच असेल, तर आपल्याकडचे कितीतरी लोक सहज उकिडवे बसतील. भाषांतरकारानं ओघात ‘वाकून कागद उचला’ असं लिहिलं, की चाचणी बदलली! एक शब्द वाढला आणि गुडघ्यांचं काम कमरेवर आलं.

तिसरी गोष्ट मोज्याची. चपलेत आयुष्य गेलेल्या माणसाला ‘मोजा घालतोय असं समजा’ म्हणणं म्हणजे त्याला अभिनय करायला लावणं. त्याच्या कमरेची रोजची परीक्षा वेगळीच असते. मांडी घालून बसल्यावर उठणं, संडासला उकिडवं बसणं, ही ती परीक्षा. 2000 साली बीटन आणि सहकाऱ्यांनी प्रश्नावल्यांच्या रूपांतराची जी पद्धत मांडली, तिच्यात हे गृहीत धरलेलं आहे. दोन भाषांतरं, उलट भाषांतर, तज्ज्ञांची समिती, मग 30 ते 40 जणांवर चाचपणी; आणि शब्दांच्या समानतेबरोबर अनुभवाची समानताही. आपल्या समाजात जी कृती होतच नाही, तिच्या जागी तशीच दुसरी घ्यावी, असं ती पद्धत सांगते. आपण उलट भाषांतर जुळलं की खूश होतो.

आणि आता ती पेटी. 5 किलो! सिमेंटची गोणी 50 किलोची असते. इथला गडी ती पेटी हसत हसत वरखाली करेल आणि त्याला शून्य गुण मिळतील, म्हणजे त्रास नाही. तोच माणूस तिसरी गाडी लागली की कमरेला हात लावून बसतो. दोष चाचणीचा नाही. ती रोजच्या साध्या हालचालींसाठी आहे, हमालीसाठी नाही. पण मराठी कागदावर ‘शून्य’ लिहिलेलं ठेकेदारानं पाहिलं, तर तो एवढंच वाचेल: गडी धडधाकट आहे, लावा गाडीला.

कुणी म्हणेल, मग मोजा काढा, गोणी घाला. तसंही करू नका. कृती बदलल्या की मूळ गुणांशी आपले गुण ताडून बघता येत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. माझं म्हणणं असं: मूळच्या पाच हालचाली आहेत तशा ठेवा, आणि शेजारी आपल्या तीनचार जोडा. मांडीवरून उठणं, उकिडवं बसणं, ओझं खांद्यावर घेणं. त्यांचे गुण वेगळे लिहा. दुखऱ्या माणसाला ओझं किती द्यायचं, ते फिजिओथेरपिस्टनं ठरवायचं. चाचपणीतली 30-40 माणसं फक्त दवाखान्याच्या बाकावरची नकोत, गोदामातलीही हवीत. आणि चाचणी चालू असताना मुकादम खोलीबाहेर हवा. त्याच्यासमोर कुठलाच गडी “दुखतं” म्हणणार नाही.

महाराष्ट्रानं 1969 मध्ये माथाडी कायदा केला. ज्या शब्दात माथ्यावरचं ओझं आहे, तोच कायद्याच्या नावात घेतला. कायद्याला जे जमलं ते चाचणीलाही जमायला हवं. थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.