शुक्रनीतींतील अग्निचूर्ण व नालास्त्र भरण्याचा क्रम

शुक्रनीतींतील नालिकास्त्राचें प्रकरण पुढें करून, प्राचीन भारतीयांस दारू व बंदूक अवगत होती असें प्रतिपादन गुस्ताव ऑपर्ट यांनीं इ. स. १८८० च्या आपल्या ग्रंथांत केलें, व दोन वर्षांनीं मूळ ग्रंथही मद्रासेस छापून काढला. तेव्हांपासून हें मत आमच्या लोकांस फार गोड लागलें. आम्हींही संस्कृत शिकवीत असतां तें मुलांस बेधडक सांगत आलों. तें सांगणें चुकीचें होतें असें आतां वाटतें. तें कां, हें मूळ वचनांच्याच आधारें मांडतों.

लघुनालिकेची नळी पांच वितस्ति, म्हणजे सुमारें पावणेचार फूट, भोंक मधल्या बोटाएवढें, नेम धरण्यास बुडाशीं व तोंडाशीं तीळ, लांकडी दस्ता, दारू ठासण्यास गज, आणि यंत्राच्या आघातानें दगडांतून अग्नि पाडणारी योजना. वादाचा निकाल या शेवटच्या विशेषणांत आहे. तोड्याच्या बंदुकीस जळती वात लागते, दगड लागत नाहीं. दगडाची आहे ती चापाची बंदूक. आणि चकमकीचा रूढ चाप फ्रान्सांत सतराव्या शतकाच्या आरंभीं तयार झाला. आमच्याकडे तर अठराव्या शतकांतही तोड्याचीच बंदूक सर्रास होती. एवढें वर्णन मागाहून घुसडलें असें म्हणावें, तर भरण्याचा सारा विधि त्याच्याशीं जोडलेला असल्यानें तोही बरोबर जातो.

दारूची कृति पाहावी. सुवर्चिलवण पांच पळें, गंधक एक पळ, आणि धूर कोंडून जाळलेल्या रुई, निवडुंग इत्यादिकांचा कोळसा एक पळ. नालास्त्राकरितां लवणाचे सहा किंवा चार भाग घ्यावे, असा विकल्प आहे. सहा भागांचें प्रमाण शेंकडा ७५, साडेबारा व साडेबारा असें पडतें, आणि तें फ्रेंच लष्करी दारूचें प्रमाण होय. इंग्रजांचें ७५ सोरा, १५ कोळसा व १० गंधक. चार भागांची दारू अर्थातच मंद. मिश्रणास रुई, निवडुंग व लसूण यांच्या रसाचीं पुटें देऊन उन्हांत वाळवावें व साखरेसारखें कुटावें, असें पुढें आहे. लसणीचा उपयोग आम्हांस समजला नाहीं; तो पाकशास्त्रांतून आला असावा. परंतु ओलें करून रवाळ करणें मार्मिक आहे. निव्वळ पूड नळींत दडपून बसते व सावकाश जळते, रव्यांच्या फटींतून ज्वाळा एकदम फिरते.

आतां ‘सुवर्चि’ शब्द. वैद्यकांत सुवर्चिका म्हणजे सज्जीखार. रिठदच्या पश्चिमेस लोणारच्या सरोवरांत निघतो तो खार याच जातीचा. तो गंधक-कोळशांत कितीही घोटला तरी बार उडावयाचा नाहीं. येथें सोराच अभिप्रेत आहे. म्हणजे ग्रंथकाराजवळ सोऱ्यास रूढ संस्कृत शब्द नव्हता, त्यानें शेजारच्या क्षाराचें नांव उसनें घेतलें. ज्या शास्त्राची परंपरा हजारों वर्षांची, त्यास आपल्या मुख्य द्रव्याचें नांव उसनें आणावें लागत नाहीं.

भरण्याचा क्रम असा आहे: नळी साफ करावी, दारू घालावी, गजानें बुडाशीं घट्ट ठासावी, मग गोळी, मग ‘कर्णांत’ चूर्ण, आणि त्यास अग्नि. गोळी लघुनालिकेस शिशाची किंवा अन्य धातूची. शिसें जड असून मऊ, नळीस ओरखडत नाहीं. तें आधीं सांगितलें हें योग्यच. ‘कर्ण’ शब्दावर तर आम्ही बराच वेळ थांबलों. तोफेच्या कानांत खिळे ठोकल्याच्या हकीकती आमच्या वाचकांस परिचित आहेत. तोच देशी ‘कान’ येथें संस्कृत वेष घेऊन बसला आहे, आणि त्यांतील चूर्ण म्हणजे रंजक.

रिठदच्या शिवारांत ज्वारीच्या राखणीस असलेली ठासणीची बंदूक आम्हीं भरतांना पाहिली आहे. म्हाताऱ्या राखणदारानें दारूवर चिंधीचा डाट बसविला, मग छर्रे, पुन्हा डाट, व शेवटीं टोपी. आम्हीं शुक्रनीतींतील क्रम सांगतांच तो म्हणाला, “गुर्जी, डाट नाही बसला तं बार फुसकाच जाते.” शुक्रनीतींत डाट नाहीं. दारू किती व गोळी केवढी, याचें मापही या क्रमांत नाहीं. आणि ही नालिका पायदळाबरोबर स्वारांसही दिली आहे! डाटाविना भरलेली गोळी घोडा दौडूं लागतांच दारूपासून सुटून पुढें येईल, आणि मध्यें अशी पोकळी राहिली तर नळी फुटण्याचें भय. आज्ञापत्रांत दारूखाना घरापासून दूर ठेवावा, आठ-पंधरा दिवसांनीं दारूस ऊन द्यावें, असें लिहिणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांनीं दारू वागविली होती. शुक्रनीतिकारानें बहुधा ती ओटीवरून पाहिली.

लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ त हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकांतील ठरविला आहे. तो अर्वाचीन, हें आम्हांस मान्य. तथापि हें प्रकरण कंपनीच्या कवायतीवरून उतरलें असें कोणी म्हणेल, तर क्रम आडवा येतो. चकमकीच्या बंदुकांच्या काळीं पलटणींत काडतूस दांतांनीं फोडून प्रथम रंजक भरीत, मग उरलेली दारू व गोळी नळींत. काडतुसाचा कागदच डाट होई. येथें रंजक शेवटीं आहे, आणि राखणदाराची टोपीही शेवटींच. तेव्हां ग्रंथकारानें पाहिलेला मनुष्य पलटणींतला शिपाई नसून एखादा देशी बंदुकवाला असावा, असा आमचा तर्क आहे.

हा तर्क पोथ्यांवांचून पुरा होणार नाहीं. ज्यांच्या संग्रहीं शुक्रनीतीची हस्तलिखित प्रत असेल त्यांनीं तिचा लेखनशक, कागद, नालिकेचे श्लोक मूळ हातचे कीं समासांत भरलेले, आणि ‘सुवर्चि’ या जागीं दुसरा पाठ आहे काय, एवढें पाहून मंडळास कळवावें.