क्षेमालिंगन : आपल्या साहित्यातले आणि आपल्या घरातले

प्रायश्चित्तकाळ आला की मुंबईतल्या आपल्या धर्मग्रामांत उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर एखादी नाटिका हमखास बसवली जाते. साकीनाका, मरोळ, कुर्ला या परिसरात अशा नाटिका आम्ही पुष्कळ पाहिल्या. संवाद निरनिराळे असतात, पण शेवटचा प्रवेश बहुधा एकच. फाटक्या कपड्यांतला मुलगा धावत येतो, बापाच्या पायांवर लोळण घेतो, रडत क्षमा मागतो. बाप गंभीरपणे त्याच्या मस्तकावर हात ठेवतो आणि त्याला उठायला सांगतो. पडदा पडतो. इतरांप्रमाणे आमचेही डोळे पाणावतात. तरीही घरी परतताना वाटत राहते, की लूकने सांगितलेली गोष्ट ही नव्हे.

लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात धावतो तो बाप. मुलगा दूर असतानाच त्याला तो दिसतो, कळवळा येतो, आणि धावत जाऊन तो मुलाच्या गळ्याला मिठी मारतो. मुलाने वाटेत एक भाषण तयार करून ठेवले आहे. मी पुत्र म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला मजुरांत ठेवा, असे त्याला म्हणायचे आहे. त्यातला मजुरीचा भाग त्याच्या तोंडून बाहेर पडतच नाही, कारण बाप तोवर चाकरांना उत्तम झगा आणायला सांगू लागलेला असतो. म्हणजे मिठी हे क्षमायाचनेचे बक्षीस नाही. ती आधी आहे, क्षमायाचना नंतर. त्या काळच्या समाजात घरच्या वडीलधाऱ्या पुरुषाने भररस्त्यातून धावणे प्रतिष्ठेला शोभणारे नव्हते. येशूच्या श्रोत्यांना नेमका तिथेच धक्का बसला असेल. शिवाय त्यांना उत्पत्तीच्या पुस्तकातला एसावही आठवला असेल. ज्याची फसवणूक झाली होती तोच तिथेही धावत जाऊन याकोबाच्या गळ्यात पडला होता. आमच्या नाटिकाकारांनी बापाऐवजी मुलाला धावायला लावले, तेव्हा नुसती हालचाल बदलली नाही. बापाचे प्रेम मुलाच्या पश्चात्तापानंतरचे झाले.

यावर ठरलेले उत्तर मिळते. पायां पडणे ही आपली रीत, मिठी मारणे पाश्चात्त्यांचे किंवा सिनेमातले. 2003 सालच्या ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ने ‘जादू की झप्पी’ घरोघरी पोहोचवली हे खरे. पण मराठी मनाला मिठी परकी आहे, हे मात्र आम्हांला मान्य नाही. आपली भाषाच त्याविरुद्ध साक्ष देते. आपण मिठी मारतो, कवेत घेतो, पोटाशी धरतो, उराशी कवटाळतो, कडकडून भेटतो. जुनी मराठी ‘क्षेम देणे’ म्हणते. ज्या समाजात ही कृती नव्हती, त्याने तिच्यासाठी इतके शब्द कशाला घडवले असते?

साहित्याची साक्ष तर त्याहून मोठी. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात उपदेश संपत आला असता श्रीकृष्ण अर्जुनाला हृदयाशी धरतात. मूळ गीतेत हा प्रसंग नाही. तो ज्ञानेश्वरांनी घातला. सातशे श्लोकांत जे शब्दांनी सांगितले, ते पोहोचवायला शेवटी त्यांना मिठी लागली. त्यांचा अभिप्रायही लक्षात घेण्याजोगा आहे. या आलिंगनात दोघे दोनच राहतात, आणि तरीही त्यांच्यात अंतर उरत नाही. प्रभूच्या शरीराशी एकरूप होऊनही प्रत्येक जण स्वतः उरतो, असे मानणाऱ्या आम्हां ख्रिस्ती वाचकांना हे स्थळ परके वाटू नये.

वारीत एक वारकरी दुसऱ्याच्या पायां पडतो आणि मग दोघे उराउरी भेटतात. स्पर्शालाच उतरंड लावलेल्या समाजात या भेटीला केवढा अर्थ होता! पैठणच्या वाळवंटात तापलेल्या वाळूवर रडणारे अस्पृश्याचे मूल एकनाथांनी उचलून पोटाशी धरले, ही कथा म्हणूनच लोकांनी जपली. अर्थात संतांनी दिलेली मिठी समाजाने पुढे चालवली नाही. त्याच पंढरपूरच्या मंदिराची दारे हरिजनांना खुली व्हावीत म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषण करावे लागले.

मराठी ख्रिस्ती साहित्यातला स्पर्शाचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. 1934 साली त्यांचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. विनोदी, निरागस आत्मकथन म्हणून त्यांचे कौतुक होते, ते योग्यच. पण आमच्या मते त्यांचा गाभा शिवण्या-न शिवण्याचा आहे. ग्रंथाच्या आरंभी लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे असे, की मीठ-साखरसुद्धा धुतल्यावाचून घरात यायची नाही. 1895 साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि नवराबायकोची ताटातूट झाली. पुढे काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीजवळ आल्या, तरी अन्नपाण्याचे सोवळे सुटले नव्हते. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला आहे, हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगले तेव्हा ते सुटले, बाप्तिस्मा त्यानंतरचा. इथे आलिंगनाचे वर्णन नाही, पण त्याच्या आड येणारी भिंत एकेक वीट काढून पाडलेली दिसते. मिठीविषयी लिहू इच्छिणाऱ्या आमच्या लेखकांनी हा ग्रंथ पुन्हा वाचावा.

मिठीचा दुरुपयोगही आपल्या परंपरेला ठाऊक आहे. 1659 साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाने दिलेले आलिंगन मराठी मुलाला शाळेतच कळते. गेथशेमाने बागेत यहूदाने प्रेमाचीच खूण विश्वासघातासाठी वापरली. आणि आजच्या पालकांना आणखी एक काळजी आहे. लहान मुलांना नकोसा स्पर्श सोसावा लागतो, आणि ख्रिस्तसभेतही असे अपराध घडले आहेत, हे लपवून चालणार नाही. म्हणून मिठी लादता कामा नये. दाखल्यातला बाप मुलाच्या मागे दूरदेशी जाऊन त्याला कवेत धरत नाही. मुलगा घराकडे वळल्यावरच तो धावतो.

आपल्या उपासनेने नमस्कार स्वीकारला तो विचारपूर्वक. 1969 साली भारतीय बिशपांच्या विनंतीवरून रोमने जे बारा बदल मान्य केले, त्यांत शांतिचुंबनाऐवजी हात जोडण्याची मुभा होती. दुसऱ्यातल्या देवाला ओळखणारी ही खूण आम्हांला प्रिय आहे. मिस्सामध्ये तिच्या जागी मिठ्या याव्यात, असे आमचे म्हणणे नाही. पण दोन्हींचे काम वेगळे आहे. नमस्कार आदर दाखवतो, मिठी दुरावा मिटवते. 1054 पासून दुरावलेल्या पूर्व आणि पश्चिमेकडील ख्रिस्तसभांचे प्रमुख, कुलगुरू अथेनागोरास आणि पोप सहावे पॉल, 1964 च्या जानेवारीत यरुशलेममध्ये भेटले ते आलिंगन देऊनच. परस्परांवरील बहिष्काराचे शब्द 1965 च्या डिसेंबरात मागे घेतले गेले. तिथेही मिठी आधी आली, कागद मागून.

साकीनाक्याला राहणाऱ्यांना हे शिकायला फार लांब जावे लागत नाही. ईदच्या सकाळी आमचे मुसलमान शेजारी गळाभेट घेतात, तेव्हा आधी कोण कुठल्या गावचा हे विचारत नाहीत. आमच्या वस्तीजवळून वाहणाऱ्या नदीचे नावच मिठी. त्याचा अर्थ गोड असा लावतात, आलिंगन असा नव्हे. तरी 26 जुलै 2005 च्या प्रलयात ती फुगली आणि साकीनाक्याची दरड कोसळली, तेव्हा अनोळखी माणसे एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. त्या दिवसांत कोणाला रीतभात आडवी आली नाही.

एरवी ती येते. इथून सहारचा विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे. आखाती देशांत नोकरीला निघालेल्या मुलाला पोचवायला आलेली आई त्याला सोडत नाही. बाप सामान मोजतो, पासपोर्ट आहे ना ते विचारतो, फार तर पाठीवर थाप मारतो. मुलगा आत गेल्यावर तो काचेशी उभा राहतो. आमच्या कथा-कवितांत ही आई शेकडो वेळा आली. काचेशी उभा असलेला बाप आम्हांला क्वचितच भेटला. लेखकांना तो दिसत नाही, म्हणून तो नाटिकेतही डोक्यावर हात ठेवून गप्प राहतो.

म्हणून आमच्या नाटिकाकारांना आमची एकच विनंती आहे. पुढच्या प्रायश्चित्तकाळात मुलाला रंगमंचाच्या कडेला, दूरच थांबू द्या, आणि बापाला धावू द्या. प्रेक्षकांत बसलेल्या बापांपैकी एखाद्याला त्या रात्री घरी गेल्यावर मुलाच्या खोलीचे दार ठोठवावेसे वाटले, तर नाटिका जमली असे आम्ही समजू.