शेवटचं पान

माणसाला एखादं तरी व्यसन असावं म्हणतात. मला तंबाखू सोसत नाही. पत्ते खेळायला बसलो तर माझ्या हातात काय आलंय ते समोरच्याला माझ्या चेहऱ्यावरच वाचता येतं. रंकाळ्यावर जाऊन भेळेपलीकडे माझी कधी मजल गेली नाही. पण एक दुर्गुण मात्र माझ्यात ठासून भरलेला आहे. गोष्टीचा शेवट मला पोटात ठेवता येत नाही. मध्यंतरात चहा पिता पिता मी शेजारच्या अनोळखी माणसाला "खून पुतण्यानं केलाय" असं सांगून मोकळा झालेलो आहे. आमच्या पेठेतल्या वाचनालयात मी कपाटापाशी आलो, की जाणते वाचक दुसऱ्या कपाटाकडे सरकतात.

अशा माणसानं धक्कादायक शेवटाच्या कथांवर लिहिणं म्हणजे बोक्यानं दुधाच्या राखणीवर व्याख्यान देण्यापैकीच आहे. पण दुधाची जाण बोक्याइतकी दुसऱ्या कुणाला असते, सांगा!

या कथा भाराभर वाचल्यावर माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. त्यांत सज्जन माणूस फारसा टिकत नाही. लोभी सावकार, मत्सरी मित्र, कंजूष म्हातारा, बडेजाव मिरवणारी बाई, अशांचीच गर्दी. आधी वाटलं, लेखकांना उपदेशाची हौस असेल. शेवटच्या ओळीत दुर्गुणाच्या पाठीत रट्टा घालायचा आणि वाचकाला शहाणं करून घरी पाठवायचं.

आमच्या कोल्हापुरात तर असं वाटायला भक्कम कारण आहे. 'प्रतिभासाधन' (१९३१) लिहून मराठीला कथेचं तंत्र शिकवणारे ना. सी. फडके इथं राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. वि. स. खांडेकर १९३८ साली शिरोड्याहून इथं आले, ते इथलेच झाले. एक 'कलेसाठी कला' म्हणणार, दुसरे 'जीवनासाठी कला'. अवघ्या महाराष्ट्रात हा वाद गाजला, मग कोल्हापूरकर कसले गप्प बसतात! खासबागेतल्या कुस्तीसारखे इथं वाचकांतही दोन तट. मला वाटे, दुर्गुणावरची धक्क्याची गोष्ट म्हणजे या दोघांचा समझोता आहे. कलाटणी फडक्यांची, तात्पर्य खांडेकरांचं!

पण हा हिशोब ओ. हेन्रीपाशी येऊन चुकतो. हा धक्क्यांचा बादशहा. बँकेतल्या पैशांच्या अफरातफरीबद्दल स्वतः १८९८ ते १९०१ तुरुंगात राहून आलेला, म्हणजे दुर्गुणांची माहिती अगदी आतल्या गोटातली. पण त्याची सर्वांत गाजलेली कथा, १९०५ सालची, कुणाची आहे? एकमेकांवर जीव टाकणाऱ्या गरीब नवराबायकोची. ती नाताळात नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घेण्यासाठी आपले केस विकते, आणि तो तिच्या केसांना कंगवे घेण्यासाठी घड्याळ विकून येतो. औषधाला दुर्गुण नाही, तरी धक्का बसतोच. का? तर दोघांनी एकमेकांपासून एक गोष्ट लपवली म्हणून.

म्हणजे या कथांना लागतो तो दुर्गुण नव्हे, लपवाछपवी. दुर्गुणी माणसाला लपवायची सवय असते, म्हणून लेखक त्याच्या दारात आधी जातो, इतकंच.

आता मोपासाँची हाराची गोष्ट घ्या. १८८४ सालची. शाळेत ती 'बडेजावाचे दुष्परिणाम' म्हणून शिकवतात. मातिल्द मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार मागून आणते, समारंभात एक रात्र मिरवते आणि हार हरवते. नवराबायको कर्ज काढून ३६,००० फ्रँकांचा तसाच हार मुकाट्यानं परत करतात आणि दहा वर्षं ते कर्ज फेडतात. शेवटी मैत्रीण सांगते, अगं, माझा हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकांचा!

मास्तर म्हणायचे, पाहा बडेजावाचं फळ. माझं म्हणणं वेगळं आहे. बडेजावाची किंमत होती एक संध्याकाळ. दहा वर्षं गेली ती "बाई, हार हरवला" हे तीन शब्द न बोलल्यामुळं. आणि हार देताना "खोटा आहे हं" हे तीन शब्द मैत्रिणीच्याही तोंडून निघाले नव्हते, हे मास्तर सांगत नसत.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी आम्ही मंगळवार पेठेत एका वाड्यात बिऱ्हाड करून होतो. सांगलीला माझ्या मामेभावाचं लग्न निघालं. मामांचं घर तालेवार. बायकोच्या गळ्यात नुसतं मंगळसूत्र बघून मामी काय म्हणतील, ही काळजी बायकोला नव्हती, मला होती. मीच तिला शेजारच्या काकूंकडे कोल्हापुरी साज मागायला धाडलं. लग्न झोकात झालं. परत येऊन साज पेटीत ठेवताना बायकोनं पानड्या मोजल्या. २१ हव्यात. भरल्या २०.

माझ्या डोळ्यांपुढं मोपासाँ उभा राहिला. पण माणूस वाचून शहाणा होतो हे खोटं आहे. मी लगेच म्हणालो, "गुजरीत गपचूप एक करून आणू. काकू कुठं मोजत बसल्यात!"

"त्यांनी नसतील मोजल्या, मी मोजल्यात," असं म्हणून बायको साज घेऊन तडक काकूंकडे गेली. मी दाराआड.

काकूंनी ऐकून घेतलं. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं पोरी, मला सासूबाईंनी घातला तेव्हापास्नं २०च हाईत. कुणाला बोलू नको म्हणाल्या होत्या. तीस वर्षं पदराआड घालत्येय."

आणि दोघी हसत सुटल्या. मी मात्र दाराआड घामाघूम. माझं ऐकून एकविसावी पानडी बसवली असती, तर काकूंनी काय केलं असतं! साज मागं मिळाला असता, पण शेजार?

गोष्ट तिथंच बुडाली, कारण एका बाईनं तोंड उघडलं. तेव्हापासून या कथांना मी एकच कसोटी लावतो. हलक्या कथेत लेखक वाचकापासून लपवतो. तिचा शेवट कुणी आधीच सांगितला, की हातात रद्दी उरते. चांगल्या कथेत माणूस माणसापासून लपवतो. तिचा शेवट ठाऊक असला, तर ती दुसऱ्यांदा वाचताना जास्तच लागते, कारण "अरे, आत्ता तरी बोला!" असं पानोपानी ओरडावंसं वाटतं. तेव्हा मी शेवट फोडून चांगल्या कथांचं काहीच नुकसान केलेलं नाही, हे वाचनालयातल्या मंडळींनी ध्यानात घ्यावं.

हा लेख नेहमीप्रमाणे बायकोला वाचून दाखवला. काकू आता नाहीत. बायको थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "काकूंनी मलाही कुणाला बोलू नको म्हणून सांगितलं होतं. चाळीस वर्षं मी पोटात ठेवलं. तुम्ही दाराआड होता, हे मला कुठं ठाऊक!"