राष्ट्रसंघाचें सोळावें कलम

राष्ट्रसंघापाशीं सैन्य नव्हतें म्हणून अबिसीनिया बुडाला, असें सांगण्याची रूढि पडली आहे. मूळ लेख वाचतां हें मत टिकत नाहीं. करार मोडून युद्ध करणाऱ्या राष्ट्राशीं सर्व व्यापारव्यवहार तत्काळ तोडावा, असा सोळाव्या कलमांत स्पष्ट विधि आहे; सैन्याविषयीं मात्र केवळ शिफारस आहे. परंतु करारभंग झाला कीं नाहीं, हें प्रत्येक सभासदानें स्वतः ठरवावें, असा अर्थ १९२१ सालीं संघाच्या सभेनेंच लावला आणि विधीचा विकल्प झाला.

परिणाम १९३५ सालीं दिसला. ३ ऑक्टोबरला इटलीनें स्वारी केली. चारच दिवसांत कौन्सिलनें तिला दोषी ठरविलें. १८ नोव्हेंबरला बहिष्कार सुरू झाला. पण त्यांतून तेल वगळलें होतें, आणि सुवेझचा कालवा इटलीच्या जहाजांस खुलाच राहिला. ५ मे १९३६ रोजीं अदिस अबाबा पडलें. जुलैंत बहिष्कारही उठला.

ज्या विधीचा कर्ता निश्चित नाहीं, तो अनुष्ठानास येत नाहीं, हें मीमांसेच्या विद्यार्थ्यास सांगणें नको. १९४५ च्या सनदेनें निर्णयाचा अधिकार सुरक्षा मंडळास दिला खरा. परंतु पांच स्थायी सभासदांस नकाराधिकार मिळाल्यानें तोच विकल्प मागील दारानें परत आला. अभ्यासकांनीं दोष शस्त्रागारांत न शोधतां या पाठांत शोधावा.