पंगतीतलाच वाढपी : आयसीसीच्या सुधारणांचं काय झालं?

आज आपण क्रिकेटबद्दल बोलणार आहोत, पण धावा आणि विकेट बाजूला ठेवून. आपला विषय आहे आयसीसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद, आणि तिचा कारभार सुधारण्याचे प्रयत्न. अहवाल झाले, घटना बदलली, अध्यक्ष बदलले. तरी गाडी फिरून फिरून त्याच जागी का येते?

सुरुवात २०१२ पासून करू. आयसीसीने स्वतःच इंग्लंडचे माजी सरन्यायाधीश लॉर्ड वुल्फ यांना आपल्या कारभाराची तपासणी करायला सांगितलं होतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्या वेळी आयसीसीच्या अध्यक्षपदी आपले शरद पवार होते, हे अनेकांना आठवत असेल. अहवालात ६५ शिफारशी होत्या, पण सगळ्यांच्या मुळाशी निदान एकच होतं : ही संस्था जागतिक खेळाची नियामक म्हणून चालत नाही, सभासदांच्या क्लबसारखी चालते. संचालक मंडळावर बसलेला माणूस आपापल्या देशाच्या बोर्डाचा प्रतिनिधी असतो. मग तो क्रिकेटचं हित बघणार की आपल्या बोर्डाचं? म्हणून वुल्फ यांनी स्वतंत्र अध्यक्ष मागितला, स्वतंत्र संचालक मागितले, आणि पैशाचं वाटप गरज बघून, उघडपणे व्हावं असं सांगितलं.

आपल्याकडे म्हणतात, वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसलं तरी चालतं. आयसीसीत तर पंगतीत बसलेल्यांच्याच हातात पळी आहे. आणि हे भारतापासून सुरू झालं असं समजू नका. १९०९ साली ही संस्था इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका या तिघांनी काढली. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्याकडे तर १९९३ पर्यंत नकाराधिकार होता. पळी नंतर हातातून हातात गेली, इतकंच.

वुल्फ यांचं निदान अचूक होतं. पण औषध कोण देणार, हा प्रश्न अहवालाने मोकळा ठेवला, आणि आमच्या मते त्याची खरी मर्यादा तीच. शिफारशी मंजूर करायच्या कुणी? त्याच संचालक मंडळाने. म्हणजे ज्यांचे अधिकार कमी व्हायचे, त्यांनीच हात वर करायचे! भारतीय बोर्डाने अहवाल नाकारला, आणि दोनच वर्षांत गाडी उलट्या दिशेने निघाली. फेब्रुवारी २०१४ मध्ये सिंगापूरच्या बैठकीत भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या तिघांकडे मोक्याच्या जागा आणि पैशाचा मोठा वाटा देणारा ठराव झाला. पाकिस्तान आणि श्रीलंका तटस्थ राहिले. बाकीच्यांनी होकार दिला. का दिला? कारण भारताचा एक दौरा मिळाला की छोट्या बोर्डाची काही वर्षांची बेगमी होते. ज्याच्या घरी उद्या उसनं मागायला जायचं आहे, त्याच्याविरुद्ध आज कोण बोलेल?

मग नागपूरचे शशांक मनोहर आले. मे २०१६ मध्ये ते पहिले स्वतंत्र अध्यक्ष झाले, आणि २०१७ मध्ये तिघांची ती व्यवस्था मोडली. अफगाणिस्तान आणि आयर्लंड पूर्ण सदस्य झाले, एका स्वतंत्र महिला संचालकाची तरतूद झाली. कौतुक करायलाच हवं. पण पैशाचं बघा. २०१६ ते २०२३ या आठ वर्षांसाठी भारताला आधी २९.३ कोटी डॉलर देऊ केले होते. वाटाघाटी होऊन आकडा ४०.५ कोटींवर गेला. इंग्लंडला १३.९ कोटी, झिम्बाब्वेला ९.४ कोटी. पुढे २०२४ ते २०२७ साठी जे वाटप प्रसिद्ध झालं, त्यात वर्षाला सुमारे ६० कोटी डॉलरपैकी ३८.५ टक्के भारताचे. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचा वाटा प्रत्येकी सात टक्क्यांच्या आत. सगळे सहयोगी सदस्य मिळून साधारण ११ टक्के.

आता कुणी म्हणेल, पैसा भारतीय प्रेक्षकांमुळे येतो, मग भारताने का घेऊ नये? हा मुद्दा हलका नाही. आयसीसीच्या उत्पन्नाचा मोठा भाग भारतीय बाजारातूनच येतो. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, बीसीसीआयचं पोट या पैशावर अवलंबून नाही. २०२३ ते २०२७ च्या आयपीएल प्रक्षेपण हक्कांचेच ४८,३९० कोटी रुपये आहेत, म्हणजे वर्षाला साडेनऊ हजार कोटींहून जास्त. आयसीसीचा वाटा त्यापुढे वर्षाला साधारण एकोणीसशे कोटी. उलट आयर्लंड किंवा झिम्बाब्वेसाठी हाच पैसा म्हणजे घरखर्च. दुसरं, विश्वचषक एकट्याने खेळता येत नाही. समोरचा संघ उपाशी राहिला तर आपला प्रेक्षक तरी किती दिवस बघणार?

आणि प्रश्न फक्त पैशाचा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारी हस्तक्षेपाचं कारण देऊन आयसीसीने श्रीलंकेला निलंबित केलं. अफगाणिस्तानात २०२० मध्ये पंचवीस मुलींना बोर्डाने करार दिले होते. २०२१ मध्ये तालिबान आले आणि महिला क्रिकेट संपलं. बऱ्याच खेळाडू ऑस्ट्रेलियात गेल्या. अफगाण बोर्डाचं पूर्ण सदस्यत्व मात्र कायम आहे. सरकारच्या कायद्यासाठी बोर्डाला शिक्षा नको, अशी आयसीसीची भूमिका आहे, आणि पुरुष खेळाडूंचा विचार करता त्यात तथ्यही आहे. पण मग त्या मुलींचं काय? २०२५ मध्ये त्यांच्या मदतीसाठी एक गट नेमला, तोही भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या बोर्डांना बरोबर घेऊन. मदत मिळाली तर आनंदच. पण ही मदत म्हणजे थोरामोठ्यांची मर्जी झाली, हक्क नाही. कारण ज्या टेबलावर निर्णय होतो, तिथे त्यांच्या बाजूने बसायला कुणी नाही. सतरा जणांच्या मंडळात स्वतंत्र संचालक म्हणजे एकच खुर्ची!

डिसेंबर २०२४ पासून जय शाह अध्यक्ष आहेत, बिनविरोध. त्याआधी ते बीसीसीआयचे सचिव होते. मनोहरसुद्धा भारतीय बोर्डाचं अध्यक्षपद सोडूनच आले होते. दोघांनीही नियम पाळला. म्हणून आम्ही व्यक्तींवर बोट ठेवत नाही. चांगला माणूस आला की सुधारणा आणि तो गेला की माघार, असं होत असेल तर तिला व्यवस्था म्हणता येत नाही. खेळाडूंचे प्रतिनिधी आणि पुरेसे स्वतंत्र संचालक मतदानाला बसले पाहिजेत, आणि वाटपाचं सूत्र संस्थेने स्वतः जाहीर केलं पाहिजे. तिथपर्यंत पोचायला वेळ लागेल.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. आयसीसीने अमुक सुधारणा मंजूर केली, अशी बातमी आली की टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा : ज्यांच्या फायद्याचा हा निर्णय आहे, मतदानाला तेच बसले होते का?