मृतांचें स्मरण : स्तुति कीं विनवणी?

आपल्या मासिकांतील मृत्युलेखांचा एक ठराविक सांचा आहे. नांव झांकून वाचल्यास लेख कोणाविषयीं आहे, हें सहसा ओळखतां येत नाहीं. गेलेला प्रत्येक मनुष्य विद्वान्, निगर्वी व विद्यार्थ्यांवर पुत्रवत् प्रेम करणारा असतो. त्याच्या जाण्यानें पडलेली पोकळी कधींही भरून निघणारी नसते. हा दोष आम्हीं इतरांच्याच लेखांत पाहिला असता, तर प्रस्तुत लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें.

आमचे एक सहाध्यापक दोन वर्षांपूर्वीं वारले. ते वसईकडील कॅथॉलिक होते. त्यांच्यावर आम्हीं वरील सांच्याबरहुकूम एक लेख लिहिला व सटाण्याहून त्यांच्या वडील भगिनींस पाठविला. बाईंचें उत्तर चार ओळींचें आलें. आभार मानून त्यांनीं कळविलें कीं, नोव्हेंबरांत मृतांच्या नांवांची यादी वेदीजवळ ठेवतात, तींत भावाचें नांव घातलें आहे. आपणही त्याच्यासाठीं प्रार्थना करावी. आम्ही विचारांत पडलों. आमच्या लेखांतील त्या निर्दोष पुरुषासाठीं देवापाशीं मागावयाचें तरी काय?

कॅथॉलिकांत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा इतर सर्व मृतांचा. हा दुसरा दिवस नेमून देण्याचें श्रेय फ्रान्सांतील क्ल्यूनी मठाचा अधिपति ओदिलो याजकडे जातें; तो इ. स. १०४९ मध्यें वारला. वसईकडे त्या दिवशीं कबरी साफ करून फुलें वाहतात व मेणबत्त्या लावतात. संतांपाशीं मागावयाचें आणि इतर मृतांसाठीं मागावयाचें, असा हा भेद आहे. गेलेला मनुष्य देवाचाच, परंतु त्याची शुद्धि पुरी व्हावयाची आहे आणि तिला जिवंतांच्या प्रार्थनेचें साहाय्य होतें, ही त्यामागील श्रद्धा. १५६३ सालीं ट्रेंटच्या धर्मसभेनें तिचा पुनरुच्चार केला.

हा भेद आम्हांस आमच्या गांवाच्या उदाहरणानें उमगला. येथील मामलेदार यशवंतराव भोसेकर यांनीं १८७०-७१ च्या दुष्काळांत सरकारी खजिना भुकेलेल्यांसाठीं खुला केला. लोक त्यांस देव मामलेदार म्हणूं लागले. त्यांच्या मंदिरीं आजही मागणें मागतात. परंतु त्याच कचेरींतील कारकुनांचीं नांवें आज कोणास ठाऊक आहेत? २ नोव्हेंबर हा त्या कारकुनांचा दिवस होय. आणि ही कल्पना आपल्यास परकीही नाहीं. महालयाच्या तर्पणांत पितरांबरोबर गुरु, मित्र व आप्त यांसही उदक मिळतें.

वाङ्मयदृष्ट्या या प्रार्थनेवर एक आक्षेप येतो. तींत विश्रांति व प्रकाश एवढेंच मागितलेलें असतें. नांव तेवढें बदलतें. मग आमच्या मृत्युलेखाहून तिचें निराळेपण तें काय? आम्हांस वाटतें तें असें : सर्वच मृत थोर होते, हें सारखेपण खोटें आहे, सर्वांसच क्षमेची गरज आहे, हें सारखेपण खरें आहे. आणि ही गरज एकदां मान्य केली कीं, लेखकाची लेखणीही मोकळी होते. ऑगस्टीननें इ. स. ४०० च्या सुमारास आपलें आत्मनिवेदन लिहिलें. वेदीपाशीं आपलें स्मरण व्हावें, एवढीच त्याच्या आईची अखेरची इच्छा होती. तिला लहानपणीं मद्याची गोडी लागली होती, हें तो लपवीत नाहीं आणि तिच्या पातकांची क्षमा मागतो. त्या पानांवरची मोनिका जिवंत आहे ती यामुळेंच.

मात्र ही मोकळीक एकट्या कॅथॉलिकांची नव्हे. लक्ष्मीबाई टिळकांच्या पंथांत मृतांसाठीं प्रार्थनेची चाल सामान्यतः नाहीं. तरीही १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त टिळकांचा तापट व अव्यवहारी स्वभाव त्यांनीं हंसतखेळत सांगितला, आणि त्यामुळें वाचकाचा टिळकांविषयींचा आदर रतिभरही कमी झाला नाहीं. ज्याच्या प्रेमास पुराव्याची जरूर नसते, त्यास मृताचे दोष झांकण्याचीही जरूर पडत नाहीं.

आमच्या लेखांत एक गोष्ट आम्हीं गाळली होती. एका क्षुल्लक वादावरून आम्ही उभयतां दीड वर्ष एकमेकांशीं बोललों नव्हतों. ते हट्टी होते हें खरें. पण दोष बहुतांशीं आमचा होता, आणि तो बोलून दाखविण्याचें राहून गेलें. स्तुतीच्या लेखांत या गोष्टीस जागा नव्हती. विनवणींत ती आहे. आम्ही त्या धर्माचे नव्हे, आणि शुद्धिस्थानाच्या खरेपणाविषयीं निर्णय देण्याचा आमचा अधिकारही नाहीं. तथापि गेल्या २ नोव्हेंबरला आम्हीं त्यांचें नांव घेतलें, त्यांच्यासाठीं विश्रांति मागितली, आणि त्याबरोबरच आपल्यासाठीं क्षमा. लेखही पुन्हां लिहून बाईंस पाठविला. त्यांचें उत्तर या खेपेस दोन पानांचें आलें.